डॉक्टर विचारतात "समजलं ना?", आपण म्हणतो "हो". या एका "हो"मुळे उपचार कसे फसतात?

माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, दीड महिना दम्याचं औषध पाण्याबरोबर गिळत होते.

यात चूक काय, असं वाटेल. औषध गिळायचंच असतं. पण आबांना दिलेल्या कॅप्सूल गिळायच्या नव्हत्या. एका छोट्या प्लास्टिकच्या उपकरणात ती कॅप्सूल टाकायची, ते फिरवायचं आणि तोंडाला लावून आतली पावडर जोरात ओढून घ्यायची, असं ते औषध होतं. फुप्फुसात जाणारं. आबा ते सकाळी चहानंतर आणि रात्री जेवल्यावर, अगदी वेळेवर, पोटात पाठवत होते.

दम काही कमी होईना. पुन्हा दाखवायला नेलं. "औषध घेताय ना वेळेवर?" "हो." "एकही चुकवत नाही ना?" "नाही." आबा खोटं बोलत नव्हते. औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवून दिला. आबा तोही गिळू लागले.

शेवटी आत्या माहेरी आली, तिने कपाट आवरायला काढलं तेव्हा खोक्यात न उघडलेलं उपकरण सापडलं. "हे काय?" आबा म्हणाले, "ते मशीन होय? ते जास्त त्रास झाला तर वापरायचं असेल म्हणून जपून ठेवलंय."

घरात सगळे हसले. नंतर मी या विषयावर वाचायला लागले आणि लक्षात आलं की आबा काही एकटे नाहीत. २००८ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, नेमकी हीच सूचना काढली होती: श्वासावाटे घ्यायच्या कॅप्सूल लोक गिळत आहेत, डॉक्टरांनी आणि औषध विक्रेत्यांनी त्यांना नीट समजावून सांगावं.

म्हणजे निदान बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर, पेशंटही वेळेचा पक्का. तरी उपचार फसला, कारण एक गोष्ट पेशंटपर्यंत पोहोचलीच नाही. वैद्यकीय संशोधनात हा आता स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पेशंटला किती समजलं, यावर तो किती बरा होतो हे ठरतं का? आणि ठरत असेल, तर त्यावर काय करता येतं?

दोन गोळ्या, दिवसातून दोनदा. किती झाल्या?

२००६ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या तीन दवाखान्यांत आलेल्या ३९५ लोकांना संशोधकांनी औषधांच्या ५ बाटल्या दाखवल्या. बाटलीवरची सूचना वाचा आणि औषध कसं घ्याल ते सांगा, एवढंच विचारलं. सगळ्यांना इंग्रजी येत होतं, म्हणजे भाषेची अडचण नव्हती.

तरी ४६ टक्के लोकांनी निदान एका सूचनेचा तरी चुकीचा अर्थ लावला.

त्यातली एक सूचना होती, "दोन गोळ्या, दिवसातून दोनदा." ज्यांना वाचायला जड जातं अशा लोकांपैकी ७१ टक्के जणांनी ही सूचना बरोबर म्हणून दाखवली. मग संशोधकांनी त्यांच्यासमोर गोळ्या ठेवल्या आणि म्हटलं, दिवसभरात घ्यायच्या तेवढ्या गोळ्या मोजून दाखवा. चार गोळ्या बाजूला काढणारे निघाले फक्त ३५ टक्के.

वाक्य पाठ म्हणता येणं आणि त्याप्रमाणे करता येणं यात किती अंतर आहे, ते या दोन आकड्यांवरून कळतं. दवाखान्यात आपण मान डोलावतो, डॉक्टरांचंच वाक्य पुन्हा म्हणून दाखवतो, पण गोळ्या मोजायची वेळ येते ती घरी. तिथे बघायला कुणी नसतं.

दाराबाहेर येईपर्यंत निम्मं विसरलेलं असतं

डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ साली रुग्णांच्या स्मरणशक्तीवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट लगेचच विसरतात, असं त्यात दिसलं. आणि जी लक्षात राहते, त्यातलीही जवळपास निम्मी चुकीची लक्षात राहते.

यात पेशंटचा दोष काढायचं कारण नाही. विसरण्यामागे साधी कारणं आहेत.

एक म्हणजे भीती. "रिपोर्टमध्ये गाठ दिसतेय" हे वाक्य कानावर पडलं की त्यानंतरची पाच मिनिटं डॉक्टर काय बोलले, हे कुणालाच सांगता येत नाही. मन त्या पहिल्या वाक्यापाशीच अडकलेलं असतं.

दुसरं म्हणजे माहितीचा मारा. आजाराचं नाव, तीन तपासण्या, चार औषधं, दोन पथ्यं आणि पुढची तारीख, हे सगळं एका दमात सांगितलं जातं. जितकं जास्त सांगाल, तितकं कमी टक्के लक्षात राहतं.

तिसरं म्हणजे शब्द. डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आपल्यासाठी रोजचे नसतात. 'पॉझिटिव्ह' हा त्यातला सगळ्यात फसवा शब्द. एरवी पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे मात्र बहुतेक वेळा जे शोधत होते ते सापडलं, म्हणजे आजार आहे.

आणि चौथं कारण, वेळ. २०१७ साली 'बीएमजे ओपन'मध्ये ६७ देशांतल्या माहितीचा आढावा आला होता. डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतात, हा प्रश्न होता. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात साधारण दोन मिनिटं. बाहेर शंभर माणसं रांगेत उभी असताना ओपीडीतल्या डॉक्टरांनी तरी काय आणि किती समजावून सांगायचं?

चिठ्ठीवरची सांकेतिक भाषा

घरातली एखादी जुनी चिठ्ठी काढून बघा. औषधाच्या नावापुढे ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस असलं काहीतरी लिहिलेलं असतं. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत.

ओडी: दिवसातून एकदा.
बीडी: दिवसातून दोनदा.
टीडीएस: दिवसातून तीनदा.
एचएस: रात्री झोपताना.
एसओएस: गरज पडली तरच.
एसी: जेवणाआधी.
पीसी: जेवणानंतर.

ही भाषा डॉक्टर आणि मेडिकलवाले यांच्यातली आहे. औषध घेणारा माणूस मात्र या दोघांपैकी कुणीच नाही. आपल्याकडे त्यावर एक चांगला तोडगा निघालेला आहे, तो म्हणजे १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. "दिवसातून दोनदा" असं मोघम लिहिण्यापेक्षा सकाळ, रात्र अशी वेळ लिहिली तर सूचना जास्त लोकांना बरोबर समजते, हे अमेरिकेतल्या त्याच संशोधक गटाने पुढे २००९ मध्ये दाखवून दिलं. आपल्याकडचे मेडिकलवाले पाकिटावर पेनाने जे लिहून देतात, त्याला असा संशोधनाचा आधार आहे.

पण १-०-१ मध्येही सगळं येत नाही. गोळी उपाशीपोटी घ्यायची की जेवल्यावर? किती दिवस घ्यायची? बरं वाटलं तर बंद करायची का? रात्रपाळी करणाऱ्याची 'सकाळ' कुठली? आणि आबांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं, गिळायची की ओढायची?

काही औषधांत तर एका शब्दाची चूक जीवावर बेतते. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आपल्याला रोज गोळी घ्यायची सवय असते, त्यामुळे ते चुकून रोज घेतलं गेल्याच्या आणि त्यात लोक दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. कारण या औषधाचा जास्त डोस थेट रक्तपेशी तयार होण्यावर परिणाम करतो.

डॉक्टरांच्या अक्षरावर विनोद पुष्कळ होतात. २०१६ साली त्यावेळच्या भारतीय वैद्यक परिषदेने नियमात बदल करून औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावीत, असं सांगितलं. पण अक्षर वाचता आलं म्हणजे अर्थ कळला, असं होत नाही. अमेरिकेतल्या त्या बाटल्यांवरच्या सूचना तर छापील होत्या.

न समजण्याचा आयुष्याशी संबंध आहे का?

गोळी चुकली, दम वाढला, इथपर्यंत ठीक. पण न समजण्यामुळे माणसं लवकर मरतात, असं म्हणता येईल का?

२००७ साली डेव्हिड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरच्या ३,२६० लोकांची त्यांनी एक चाचणी घेतली होती. औषधाच्या बाटलीवरची सूचना, अपॉइंटमेंटची चिठ्ठी असल्या रोजच्या गोष्टी वाचून कितपत समजतात, अशी ती चाचणी होती. पुढची काही वर्षं या लोकांचं काय झालं, याची नोंद ठेवली.

ज्यांना चांगलं समजत होतं, त्यांच्यापैकी या काळात १८.९ टक्के लोक वारले. ज्यांना जेमतेम समजत होतं, त्यांच्यात हे प्रमाण २८.७ टक्के होतं. आणि ज्यांना नीट समजत नव्हतं, त्यांच्यात ३९.४ टक्के.

आता कुणी म्हणेल, ज्यांना वाचता येत नाही ते गरीब असणार, आधीपासून आजारी असणार, म्हणून जास्त वारले. शंका रास्त आहे. संशोधकांनीही वय, उत्पन्न, शिक्षण, आधीचे आजार हे सगळं हिशोबात धरून पुन्हा गणित केलं. फरक कमी झाला, पण पुसला गेला नाही. नीट न समजणाऱ्या गटात मृत्यूचा धोका तरीही सुमारे ५२ टक्क्यांनी जास्त होता.

अशा अभ्यासातून संबंध दिसतो. न समजणं हेच कारण, असं शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण दुर्लक्ष करावं इतका हा आकडा लहानही नाही.

'काय' कळलं, पण 'का' कळलं नाही

समजण्याचे दोन भाग असतात. औषध कसं घ्यायचं हा एक, आणि का घ्यायचं हा दुसरा. लांबच्या आजारात दुसरा भाग जास्त महत्त्वाचा ठरतो.

बीपीचं उदाहरण घ्या. बीपी वाढलेलं असताना बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. १९८५ साली अमेरिकेत बीपीच्या पेशंटशी बोलून एक अभ्यास झाला. "बीपी वाढलेलं माणसाला कळत नाही" हे बऱ्याच जणांना मान्य होतं. पण त्यातल्याच बहुतेकांना वाटत होतं, मला मात्र माझं कळतं. डोकं जड झालं, चेहरा गरम झाला की बीपी वाढलं. मग डोकं दुखेल त्या दिवशी गोळी, नाही दुखलं की सुट्टी.

हा अभ्यास अमेरिकेतला आहे, पण वाचताना मला आमची गल्ली दिसत होती. "आता बीपी नॉर्मल आलंय, गोळी बंद केली." बीपी नॉर्मल आलंय ते गोळीमुळे, हे त्या काकांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते आपल्या जागी अगदी तर्काने वागत असतात. ताप उतरला की आपण तापाची गोळी बंद करतो, तोच नियम ते बीपीला लावतात.

टीबीचंही तसंच. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गंमत अशी की काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढायला लागतं. माणसाला वाटतं, झालो बरा. आणि उपचार अर्धवट सुटतो.

आतमध्ये मात्र वेगळं चाललेलं असतं. झपाट्याने वाढणारे जंतू आधी मरतात, म्हणून बरं वाटतं. काही जंतू सुस्तावलेल्या अवस्थेत टिकून राहतात आणि ते मारायला उरलेले महिने लागतात. उपचार मध्येच सोडला तर आजार उलटू शकतो आणि औषधाला दाद न देणारा टीबी होण्याचा धोका वाढतो. तो टीबी मग घरातल्या इतरांनाही होऊ शकतो. "सहा महिने गोळ्या घ्या" या चार शब्दांत यातलं काहीच येत नाही.

डॉक्टर खूप चांगलं बोलतात, पण…

डॉक्टर प्रेमाने बोलले, वेळ दिला म्हणजे पेशंटला समजलं, असं आपण धरून चालतो. एका अभ्यासाने या समजुतीलाच धक्का दिला.

२०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो आला. कॅन्सर शरीरात इतरत्र पसरला होता आणि त्यासाठी केमोथेरपी सुरू होती, अशा १,१९३ लोकांची त्यात माहिती होती. अशा टप्प्यावर केमोमुळे आयुष्य वाढू शकतं, त्रास कमी होऊ शकतो, पण आजार पूर्ण बरा होण्याची शक्यता जवळपास नसते. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८१ टक्के पेशंटना हे उमगलेलं नव्हतं.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. आपले डॉक्टर आपल्याशी फार छान बोलतात, असं म्हणणाऱ्यांमध्ये हा गैरसमज जास्त होता.

आशा कुणाला नको असते? आपल्याकडे तर घरचेच डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतात, "त्यांना काही सांगू नका, धसका घेतील." यामागे माया असते. पण ज्याला आपल्या आजाराची स्थितीच माहीत नाही, त्याने आणखी एक केमो घ्यायची की गावाकडच्या घरी जाऊन राहायचं, हे कशाच्या आधारावर ठरवायचं? उरलेले महिने त्याचे असतात.

आपला कायदाही याबाबत पेशंटच्या बाजूने आहे. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेशंटची संमती खरी आणि वैध हवी. त्यासाठी उपचार काय आहे, कशासाठी आहे, फायदा काय, धोका काय आणि दुसरा पर्याय कोणता, याची पुरेशी माहिती त्याला दिलेली हवी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेतही पहिलाच हक्क माहितीचा आहे, आणि ती माहिती पेशंटला कळेल अशा भाषेत द्यावी असं त्यात म्हटलं आहे. ऑपरेशनच्या आधी समोर आलेल्या इंग्रजी फॉर्मवर आपण "सही कुठे करायची?" एवढंच विचारतो, तेव्हा हा हक्क आपणच सोडून देत असतो.

उपाय एका वाक्याचा आहे

या सगळ्यावर संशोधकांनी सुचवलेला एक उपाय फार साधा आहे. त्याला 'टीच-बॅक' म्हणतात. डॉक्टरांनी "समजलं ना?" असं विचारायचंच नाही. कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं. 'नाही' म्हणायला लाज वाटते, मागे रांग असते, डॉक्टर वैतागतील याची धास्ती असते.

त्याऐवजी विचारायचं, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. आता घरी गेल्यावर हे औषध कसं घेणार, ते मला सांगा." किंवा "करून दाखवा." परीक्षा पेशंटची नाही, सांगणाऱ्याची आहे. चूक दिसली तर पुन्हा सांगायचं आणि पुन्हा विचारायचं.

डॉक्टर असं विचारतात का? २००३ साली अमेरिकेत डीन शिलिंगर आणि सहकाऱ्यांनी डॉक्टर आणि मधुमेहाचे पेशंट यांच्यातलं बोलणं रेकॉर्ड करून तपासलं. ३८ डॉक्टर, ७४ पेशंट. डॉक्टरांनी जेवढ्या नव्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या फक्त १२ टक्के गोष्टी पेशंटला कळल्या किंवा आठवल्या का, हे विचारून पाहिलं गेलं होतं. आणि ज्यांना विचारलं गेलं, त्या पेशंटची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, आटोक्यात असण्याची शक्यता बरीच जास्त होती. अभ्यास छोटा होता, पण पुढच्या कितीतरी संशोधनाला त्याने दिशा दिली.

मोठा पुरावा २००९ साली बॉस्टनमधून आला. तिथल्या बॉस्टन मेडिकल सेंटरमध्ये ७४९ पेशंटवर प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीसारखा डिस्चार्ज दिला. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकासोबत घरी जाण्याआधी एक नर्स बसली, तिने सगळं समजावलं, सोप्या भाषेतली, त्याच्या औषधांची आणि पुढच्या तारखांची पुस्तिका त्याच्या हातात दिली. दोन-चार दिवसांनी फार्मासिस्टने फोन करून औषधं नीट चालू आहेत ना, हे विचारलं.

पुढच्या ३० दिवसांत दुसऱ्या गटातल्या लोकांना पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं किंवा इमर्जन्सीत यावं लागण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं. औषध नवीन नव्हतं, मशीन नवीन नव्हतं. बदल फक्त समजावून सांगण्यात होता.

इनहेलरच्या बाबतीत मात्र चित्र अजून निराशाजनक आहे. २०१६ साली गेल्या ४० वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात ५४ हजारांहून जास्त लोकांची माहिती होती. इनहेलर अगदी बरोबर वापरणारे सरासरी ३१ टक्के. चार दशकांत उपकरणं बदलली, हा आकडा फारसा हलला नाही.

मग समजलं की झालं?

नाही. इथे थोडं थांबायला हवं, नाहीतर सगळं खापर पुन्हा पेशंटच्या समजुतीवर फुटेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतही लांबच्या आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे लोक साधारण निम्मेच असतात. त्यामागे न समजणं हे एकच कारण नाही. औषध परवडत नाही. तालुक्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. दवाखान्यात स्टॉक संपलेला असतो. गोळीने मळमळतं. ज्याला सगळं समजलेलं आहे, त्याचीही गोळी अशा कारणांनी सुटते.

औषधं नियमित घ्यावीत म्हणून केलेल्या १८२ प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये आढावा घेतला. त्यातले १७ प्रयोग सगळ्यात भरवशाचे होते. औषध घेण्यात सुधारणा आणि तब्येतीतही सुधारणा, असं दोन्ही दिसलं ते त्यातल्या फक्त ५ प्रयोगांत. एक पत्रक हातात दिलं, एक एसएमएस पाठवला, एवढ्याने भागत नाही.

म्हणजे समजावून सांगणं हे स्वस्त औषधाची, जवळच्या दवाखान्याची जागा घेऊ शकत नाही. पण ते नसेल तर बाकी सगळं असूनही वाया जाऊ शकतं. आबांच्या कॅप्सूलचे पैसे दर महिन्याला भरले जातच होते.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा

डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणही टीच-बॅक करू शकतो. काही साध्या गोष्टी:

१. तीन प्रश्न विचारा. मला नेमकं काय झालंय? मी काय करायचंय? आणि ते का करायचंय? अमेरिकेत 'आस्क मी ३' या नावाने हेच तीन प्रश्न पेशंटना शिकवले जातात.

२. उठण्याआधी स्वतःच म्हणा, "डॉक्टर, मी एकदा सांगते, चुकलं तर सांगा." आणि औषधं कशी घेणार ते सांगून टाका. अर्धं मिनिट लागतं.

३. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. "ती पांढरी, गोल गोळी" यावरून कुणालाच काही कळत नाही. काढे, चूर्णं घेत असाल तर तेही सांगा.

४. प्रत्येक औषधाबद्दल विचारा: कशासाठी, कधी, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि एखादी वेळ चुकली तर काय करायचं. उत्तरं मेडिकलमधून पाकिटावर मराठीत लिहून घ्या.

५. इनहेलर, इन्सुलिन, नाकातला स्प्रे असं काही दिलं असेल तर तिथेच वापरून दाखवा. बघून पाठवा असं सिस्टरांना किंवा मेडिकलवाल्यांना सांगायला लाजू नका.

६. आई-वडिलांसोबत गेलात तर त्यांच्या वतीने "हो" म्हणू नका. गोळी त्यांना घ्यायची आहे, त्यांना बोलू द्या.

७. बरं वाटलं म्हणून किंवा त्रास झाला म्हणून औषध बंद करायचं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आबांना आत्याने उपकरण वापरायला शिकवलं. आधी दवाखान्यात जाऊन तिने स्वतः शिकून घेतलं आणि मग घरी येऊन रोज आठ दिवस त्यांच्यासमोर बसली. पंधरवड्यात आबा पारापर्यंत चालत जाऊ लागले. वाढवलेला डोस डॉक्टरांनी पुन्हा कमी केला.

मध्यंतरी शेजारच्या आजीला तसंच खोकं मिळालं, तर आबांनी त्यांना अंगणातच थांबवलं आणि म्हणाले, "थांबा वहिनी, आधी मला करून दाखवा."